कॉल ऑफिसातूनच आला होता: एका अपघाताचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

औषधं, तपासणीचे नमुने आणि थंड ठेवावी लागणारी इंजेक्शनं दवाखान्यांत पोचवणारी एक मध्यम आकाराची सेवा. चौदा व्हॅन, अठरा ड्रायव्हर, आणि कंट्रोल रूममध्ये आळीपाळीने बसणारे तीन जण. ओळख पटेल असा सगळा तपशील इथे गाळला आहे. अपघातानंतर नेमलेल्या चौकशीत मी बाहेरचा माणूस म्हणून होतो, त्यामुळे पुढे जे मत दिसेल ते माझं आहे, कंपनीचं नव्हे.

कंपनी बेफिकीर नव्हती, हे आधीच सांगितलेलं बरं. गाडी चालवताना मोबाईल हातात धरायचा नाही, हा नियम तिथे लेखी होता आणि प्रत्येक ड्रायव्हरची त्याखाली सही होती. नियम केल्यावर काही महिन्यांनी सगळ्यांना ब्लूटूथचे इअरपीस वाटले गेले. हात मोकळे झाले, विषय मिटला, असं सगळे धरून चालले. मीही त्या वेळी तिथे असतो तर असंच धरलं असतं.

काय घडलं

दुपारचे साडेतीन. कोरडा रस्ता, ऊन पाठीमागून, समोर सरळ पट्टा. वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर आणि व्हॅनचा वेग ४५ च्या आसपास. ड्रायव्हर अकरा वर्षं याच कामात, नावावर एकही अपघात नाही. मोबाईल डॅशबोर्डवरच्या स्टँडमध्ये, कानात इअरपीस. म्हणजे नियमाप्रमाणे सगळं जागच्या जागी.

कंट्रोलच्या लाइनवरचं बोलणं रेकॉर्ड होतं, म्हणून शेवटचे शब्द आमच्याकडे जसेच्या तसे आहेत.

"दादा, कुठवर आलात?"

"पूल ओलांडला, ताई. दहा मिनिटांत पोचतो."

"बरं. तो लहान दवाखान्याचा खोका मागे कुठे ठेवलाय? त्यांचा माणूस फाटकावर थांबलाय, लगेच काढून द्यावा लागेल."

"थांबा हं... निळ्या झाकणाचा ना? तो खाली आहे. नाही नाही, खाली पांढरा. निळा डावीकडे, त्याच्यावर..."

वाक्य तिथेच तुटतं. पुढे आवाज येतो.

सायकल हाताने ढकलत एक मध्यमवयीन गृहस्थ रस्ता ओलांडत होते. मांडीचं हाड आणि एक मनगट मोडलं. जीव वाचला.

व्हॅनमधला डॅशकॅम बाहेरचं आणि आतलं, दोन्ही टिपणारा होता. बाहेरच्या चित्रात ते गृहस्थ धडकेच्या जवळजवळ चार सेकंद आधीपासून स्पष्ट दिसतात. आड काहीच नाही, ना उभी गाडी ना झाड. आतल्या चित्रात ड्रायव्हरची नजर समोर आहे. खाली नाही, मोबाईलवर नाही, समोर. आणि ब्रेक लागतो तो धडकेच्या जेमतेम अर्धा सेकंद आधी.

हा हिशेब मी कागदावर मांडून सगळ्यांसमोर ठेवला होता. ताशी ४५ म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. चार सेकंद आधी गाडी सुमारे ५० मीटर लांब होती. माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर १९ मीटर जातात, आणि कोरड्या रस्त्यावर त्या वेगाची गाडी आणखी ११-१२ मीटरांत थांबते. एकूण ३०-३१. म्हणजे गाडी थांबून पुढे जवळपास वीस मीटर रस्ता मोकळा उरला असता. ड्रायव्हरने तो कागद बराच वेळ हातात धरला आणि म्हणाला, "साहेब, मी रस्त्याकडेच बघत होतो. ते तिथे नव्हतेच."

तो खोटं बोलत नव्हता.

समस्या नेमकी कुठे होती

अहवालाच्या पहिल्या मसुद्यात कारणाच्या रकान्यात दोन शब्द होते: 'ड्रायव्हरचे दुर्लक्ष'. हे दोन शब्द फार सोयीचे असतात. त्यांनी फाइल बंद होते.

पण डोळे समोर असताना समोरचं न दिसणं हा काही बहाणा नाही. युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सिम्युलेटरवर गाडी चालवणाऱ्यांची नजर कुठे जाते ते यंत्राने टिपलं होतं. हँड्स-फ्री फोनवर बोलणाऱ्यांची नजर ज्या वस्तूंवर थेट पडली होती, त्याही त्यांना नंतर नीट ओळखता येईनात. डोळ्यांनी पाहिलेलं मनापर्यंत पोचलंच नव्हतं. आपल्याकडे 'लक्ष नाही' आणि 'बघत नाही' हे एकाच अर्थाने म्हणतात, पण ही दोन वेगळी कामं आहेत आणि दुसरं चालू असताना पहिलं बंद पडू शकतं.

इथे तर प्रश्नच असा होता की मन गाडीच्या मागच्या भागात जावं. निळं झाकण कुठे, पांढरं कुठे, कशावर काय. हे आठवायचं म्हणजे मनात चित्र उभं करावं लागतं. त्या चार सेकंदांत ड्रायव्हर खोके बघत होता. समोरच्या काचेतून, पण खोके.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलतोच की आपण, मग फोनने काय बिघडतं, हा प्रश्न चौकशीत तीन वेगवेगळ्या लोकांनी विचारला. उत्तर साधं आहे. शेजारचा माणूस रस्ता बघत असतो. समोर कुणी आडवं आलं की तो बोलायचा थांबतो, कधी स्वतःच "अरे, सांभाळ" म्हणतो. युटामधल्याच संशोधकांनी २००८ मध्ये हा फरक सिम्युलेटरवर तपासला तेव्हा शेजाऱ्याशी बोलणारे ड्रायव्हर फोनवर बोलणाऱ्यांपेक्षा बरे निघाले, कारण त्यांच्या गप्पा रस्त्याच्या बेताने चढत-उतरत होत्या. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही, म्हणून तो प्रश्न मध्येच सोडत नाही.

चौकशीचं तोंड फिरवलं ते मात्र संशोधनाने नाही, जखमी गृहस्थांनी. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांनी गाडीचा वेग विचारला नाही, विम्याचं विचारलं नाही. म्हणाले, "तो बोलत कुणाशी होता?"

आम्ही सांगितलं, आमच्याच ऑफिसशी.

त्यानंतर ड्रायव्हरचा कॉल लॉग काढायचं ठरलं, आणि फक्त त्याचा नाही, अठराही जणांचा, मागच्या तीस दिवसांचा. तो जीपीएसच्या नोंदीशी ताडून पाहिला: चाकं फिरत असताना कोणते कॉल झाले? दर तीनातले दोन कॉल ऑफिसचे होते. बरेचसे 'कुठवर आलात' याच चालीचे, जे कंट्रोल रूममधल्या पडद्यावर दिसतच होतं. ही पद्धत काही आमची नव्हे. टोरांटोमध्ये डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी १९९७ मध्ये अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या बिलांतून असाच शोध घेतला होता. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो असं त्यांना आढळलं, आणि हँड्स-फ्रीमुळे तो कमी होतो असं काही दिसलं नाही. २००५ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ४५६ जखमी चालकांच्या अभ्यासातही आकडा तसाच आला.

जे पर्याय टेबलावर आले

पहिला अर्थातच ड्रायव्हरला काढून टाकण्याचा. दोन संचालकांचा त्याकडे कल होता. माझं म्हणणं इतकंच होतं की उद्या त्याच्या जागी नवा माणूस येईल आणि त्यालाही त्याच लाइनवरून तोच प्रश्न जाईल.

दुसरा, गाडी सुरू होताच फोनचा पडदा आणि संदेश बंद करणारं ॲप. हे चांगलं होतं आणि पुढे घेतलंही. संदेश वाचणं-लिहिणं हा प्रकार बोलण्यापेक्षा फार वाईट आहे. व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने २००९ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरच्या ट्रकमधले कॅमेरे तपासले. संदेश टाइप करताना अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पट निघाला; सहा सेकंदांतले सुमारे ४.६ सेकंद नजर रस्त्यावर नव्हती. ताशी ५० च्या वेगाला तेवढ्यात गाडी ६४ मीटर जाते. पण आमचा ड्रायव्हर काही टाइप करत नव्हता. नुसतं ॲप बसवलं असतं तर हाच अपघात परत झाला असता.

तिसरा पर्याय ड्रायव्हरांनीच सुचवला: सिग्नलला थांबल्यावर बोलायची मुभा. ऐकायला रास्त वाटतं. पण २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एएए फाउंडेशनच्या अभ्यासात, फोनला किंवा गाडीला बोलून आज्ञा दिल्यानंतर मन पुरतं रस्त्यावर यायला काही यंत्रणांच्या बाबतीत २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला होता. सिग्नल सुटताना बोलणं संपलं तरी त्याची सावली पुढच्या चौकापर्यंत येते. शिवाय कोणतं बोलणं सिग्नलबरोबर संपतं?

चौथा, हँड्स-फ्रीसकट संपूर्ण बंदी. इथे खरा वाद झाला. फ्लीट मॅनेजर तयारी करून आले होते. त्यांनी व्हर्जिनिया टेकचाच अभ्यास पुढे केला: त्यात नुसतं फोनवर बोलण्याने धोका वाढल्याचं दिसलं नव्हतं. त्यांचं म्हणणं खरं होतं आणि ते झटकून टाकण्यासारखं नव्हतं. लांबच्या रात्रीच्या रस्त्यावर दोन शब्द बोलल्याने ट्रकवाल्याची झोप उडतही असेल. दुसऱ्या बाजूला अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डिसेंबर २०११ मध्ये हँड्स-फ्रीसकट बंदीची शिफारस केलेली होती. मी एकच गोष्ट विचारली: आपले कॉल झोप उडवणारे आहेत की खोके आठवायला लावणारे? मॅनेजरनी पुन्हा रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. ते संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

पाचवा पर्याय कुणी मांडलाच नव्हता, तो लॉगमधून आपोआप पुढे आला. फोन उचलण्यावर बंदी घालायची, तर आधी फोन करण्यावर का नाही?

काय ठरलं, काय केलं

चौथा आणि पाचवा एकत्र केला, वजन पाचव्यावर. बंदी ड्रायव्हरवर टाकली की तो रोज एका कात्रीत सापडतो: उचलावा तर नियम मोडतो, न उचलावा तर साहेब विचारतो का उचलला नाही. म्हणून नियमाचं पहिलं वाक्यच बदललं. 'चाकं फिरत असताना कंट्रोलने कॉल करायचा नाही.' ड्रायव्हरचा नियम त्याच्या खाली, दुसऱ्या क्रमांकावर.

कंट्रोलच्या पडद्यावर गाडी चालती असली की तिची ओळ लाल होते आणि नंबर लागतच नाही. तासा-दीड तासाने ड्रायव्हर सुरक्षित जागी थांबून स्वतः फोन करतो. नमुना दुसरीकडे न्यायचा आहे, एवढी तातडी असेल तर एक ठरलेला सूर वाजतो. त्याचा अर्थ 'पुढच्या बऱ्या जागी थांब आणि फोन कर', बाकी काही नाही. रस्ता दाखवणारा नकाशा निघण्याआधी लावायचा, वाटेत बोट लावायचं नाही.

मला सर्वांत आवडलेला बदल सगळ्यांत साधा होता आणि तो गोदामातल्या एका हमालाने सुचवला. माल भरून झाला की दार लावायच्या आधी मागच्या भागाचा एक फोटो काढायचा आणि कंट्रोलला पाठवायचा. निळं झाकण कुठे आहे हे मग ड्रायव्हरला विचारावंच लागत नाही. एका फोटोत संपणाऱ्या प्रश्नापायी एक माणूस अंथरुणाला खिळला होता.

दवाखान्यांकडून थेट ड्रायव्हरला येणारे फोन ही वेगळी डोकेदुखी होती. पावतीवर ड्रायव्हरचा नंबर छापलेला असायचा. तो काढून कंट्रोलचा टाकला. एवढ्या एका ओळीने बरेच फोन वळले.

इअरपीस परत घेतले. दोघांनी कुरकुर केली, एकाने हरवल्याचं सांगितलं.

परिणाम

पहिले दोन आठवडे वाईट गेले. खेपा उशिरा पोचल्या, दवाखान्यांच्या तक्रारी आल्या. कंट्रोलवरच्यांना सवय इतकी होती की लाल ओळीवरही हात जायचा. महिन्याभराने घडी बसली. ऑफिसचे चालत्या गाडीतले कॉल जवळपास संपले, आणि 'कुठवर आलात' न विचारताही गाड्या पोचतात हे लोकांच्या लक्षात आलं.

तिसऱ्या महिन्यात कामाचा लोंढा आला आणि भिंतीला पहिली चीर गेली. ती पाडली खुद्द मॅनेजरनी, स्वतःच्या मोबाईलवरून. कंट्रोलचा पडदा त्यांना अडवत नव्हता, कारण त्यांचा फोन त्या यंत्रणेत नव्हताच. ड्रायव्हरने उचलला नाही. त्यांनी परत लावला. तिसऱ्यांदा लावताना ते कंट्रोल रूममध्ये उभे होते, आणि अपघाताच्या दिवशी लाइनवर असलेल्या ताई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "साहेब, चाकं फिरतायत त्यांची." मॅनेजरनी फोन खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा नंबरही त्या यंत्रणेला जोडून घेतला. हे मला त्यांनीच सांगितलं, जरा ओशाळून.

जखमी गृहस्थ सात महिन्यांनी काठीशिवाय चालू लागले. सायकल पुन्हा घेतली नाही. ड्रायव्हरला काढलं नाही. काही महिने तो गोदामात होता, मग स्वतःहून गाडीवर आला.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी चूक त्या ताईंच्या बाबतीत झाली. धडकेचा आवाज त्यांनी हेडफोनमध्ये ऐकला होता. त्यानंतरच्या किंकाळ्याही. पोलिसांत धावपळ, दवाखान्यात धावपळ, विम्याचे कागद, ड्रायव्हरचा जबाब, या सगळ्यात त्यांच्याशी बोलायला नऊ दिवसांनी माणूस गेला. तोवर त्या रोज त्याच खुर्चीत बसून तोच प्रश्न इतर सतरा जणांना विचारत होत्या, कारण कुणी थांबवलं नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्यांना घरी पाठवायला हवं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी त्यांचं ऐकायला हवं होतं. फोटोची गरज काय आहे हे त्यांना त्याच दिवशी सांगता आलं असतं.

दुसरं, इशारे मिळाले होते. आदल्या सहा महिन्यांत दोन किरकोळ घटना झाल्या होत्या, एक आरसा घासलेला, एक पुढच्या गाडीला हलकी टक्कर. दोन्ही अर्जांत 'गर्दी' हे कारण. अर्जात 'त्या वेळी कॉल चालू होता का' असा रकानाच नव्हता. मागाहून लॉग पाहिला तर टक्करीच्या वेळी कॉल चालू होता, आणि तोही ऑफिसचाच. रकाना असता तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. कदाचित म्हणतो, कारण रकाना भरणारा स्वतःविरुद्ध लिहील याची खात्री नसते. म्हणून आता तो ड्रायव्हर भरत नाही, लॉगवरून भरला जातो.

तिसरं म्हणजे ते इअरपीस. वाटले तेव्हा हेतू चांगला होता. पण कंपनीने स्वतः यंत्र हातात दिलं की त्याचा अर्थ एकच निघतो: चालवताना बोल, फक्त हात मोकळे ठेव. आधी महिनाभराचे कॉल मोजले असते तर ते विकत घ्यायची वेळच आली नसती.

आणि एक गोष्ट अजून सुटलेली नाही. चालत्या गाडीतले जे थोडे कॉल आता उरलेत ते जवळजवळ सगळे घरचे आहेत. त्यांच्यासाठी कंपनीकडे लाल ओळ नाही, आणि असावी का यावरही एकमत नाही. तो अपघातातला ड्रायव्हर आता निघण्याआधी घरी एक फोन करतो, "गाडीत बसतोय" एवढंच सांगतो, आणि स्वतःचा फोन बंद करून मागे खोक्यांजवळ ठेवतो. मग दार लावायच्या आधी जो फोटो निघतो, त्यात झाकणांच्या शेजारी तो फोनही दिसतो.